‘गणित बाबांना विचार’

संध्याकाळी सात-साडेसातला आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारून बघा. कुकरच्या शिट्ट्या, मालिकेचं शीर्षकगीत आणि त्यात मिसळलेला एक तिसरा आवाज, ‘‘आधी गणिताची वही काढ!’’ इतिहासाची वही काढ म्हणून आई ओरडतेय असं सहसा ऐकू येत नाही. ओरडणं गणितासाठीच राखून ठेवलेलं. आणि मग दहा मिनिटांनी त्याच घरातून ठरलेलं वाक्य येतं, ‘‘हे काही मला समजत नाही बाई. बाबा आले की त्यांना विचार.’’

मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण ते म्हणणारी बाई कोण असते? दूधवाल्याशी हिशेब करताना, ‘‘महिन्याचे तीस दिवस, तीन खाडे, दीड लिटरनं साडेचाळीस लिटर झालं, तुम्ही बेचाळीस कसं लावलं?’’ असं उभ्या उभ्या विचारणारी. इडलीच्या पिठाला तीनास एक प्रमाण घेऊन, वाढदिवसाला सगळं मिळून सहा किलो लागणार तर तांदूळ साडेचार आणि उडीद दीड, हे कागद न घेता सांगणारी. ‘२० टक्के सूट आणि त्यावर आणखी १० टक्के’ असा बोर्ड पाहून, पाचशेची साडी साडेतीनशेला नाही तर तीनशेसाठला पडते हे दुकानदाराच्या आधी ओळखणारी. हिला गणित येत नाही म्हणे! हिला जे येतं त्याला गणित म्हणायचं नाही, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय, एवढंच.

आमची आजी चौथीपर्यंत शिकलेली. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी तोंडपाठ. औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, हे आता मुलांना सांगावं लागतं. ‘सात औटे साडेचोवीस’ हे ती भाजी निवडता निवडता म्हणायची. चिपटं, मापटं, शेर, पायली अशी तिची मापं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दुपटीनं चढत जाणारी ही माळ मी पुढे वर्गात घातांक शिकले तेव्हा कामाला आली. पण आजीला कोणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, मला कुठलं गणित!

आता तुम्ही म्हणाल, घरचा हिशेब वेगळा आणि आठवीचं बीजगणित वेगळं. खरंय. पण किती वेगळं, ते जरा जवळून बघू.

पहिली अडचण गणिताची नसतेच, शब्दांची असते. आपल्या लहान गावांमधून गेल्या काही वर्षांत मराठी शाळांनी ‘सेमी’ घेतलं. म्हणजे बाकी विषय मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. आई शिकली लसावि-मसावि, मुलगी म्हणते एलसीएम. आईचा कर्ण म्हणजे मुलीचा हायपोटेन्युज. अंश आणि छेद जाऊन न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर आले. ज्या बाईला दहावीला गणितात चांगले मार्क होते, तीही या शब्दांपुढे गप्प बसते. आणि मुलगी समजते की आईला येत नाही. माझं म्हणणं आहे की अशा वेळी सरळ विचारावं, ‘‘हायपोटेन्युज म्हणजे कोणती बाजू गं? बोट ठेव.’’ तिनं काटकोनासमोरच्या बाजूवर बोट ठेवलं की झालं. बाजू तीच आहे, पायथागोरसही तोच आहे. यात आईची अब्रू जात नाही. मुलीला शब्दाचा अर्थ माहीत आहे की नुसता शब्दच, हेही त्या बोटावरून कळतं.

शब्दांचा हा गोंधळ लहान मुलांमध्ये तर मराठीतही असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मराठी बुडाली इथपर्यंत लोक गेले. त्या वेळी बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. गणितातल्या विदुषी, मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण म्हणतो ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, जोडाक्षरंही अवघड, मुलं तिथं अडखळतात. टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी सहा वर्षांच्या पोराला ‘एकोणसाठ’ लिहायला सांगितलं असेल कोण जाणे. साठ ऐकू आलं की ते सहा लिहून मोकळं होतं. मला विचाराल तर दोन्ही असू द्यावं. ‘पंचवीस’ आपलं आहे, ते काही कुठे पळून जात नाही. पण पोर अडलं असेल तेव्हा ‘वीस आणि पाच’ म्हणायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण खरी गणिताची. बीजगणित सुरू झालं की मुलं एक मंत्र शिकून येतात, ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.’ अधिकचं वजा होतं, गुणिलेचं भागिले होतं. का होतं? विचारलं की उत्तर येतं, ‘‘सरांनी सांगितलं.’’ माझ्या ओट्यावर संध्याकाळी गल्लीतली चार-पाच मुलं बसतात, त्यांना मी बाजारातला तराजू आठवायला लावते. एका पारड्यात पिशवी आणि तीन किलोचं वजन, दुसऱ्यात दहा किलो, काटा मध्ये. पिशवीत किती? दोन्ही पारड्यांतून तीन-तीन किलो काढा. पिशवीत सात. इकडून तीन ‘पलीकडे गेले’ नाहीत, दोन्हीकडून काढले. पक्षांतर म्हणजे एवढंच. चिन्ह बदलण्यात जादू कसलीच नाही. बरोबरीचं चिन्ह म्हणजे तराजूचा काटा, हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात. भाजीवालीकडे उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावता येईल, त्यासाठी बी.एड. लागत नाही.

एक उदाहरण तर मला फार आवडतं. पुस्तकांत वयांची उदाहरणं असतातच, त्यातलंच हे. आईचं आजचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर दोघींची आजची वयं काढा. पोरं लगेच ‘समजा मुलीचं वय क्ष’ लिहितात आणि पुढे पेन चावत बसतात. मी त्यांना आधी वेगळंच विचारते. ‘‘तुझ्यात आणि आईत किती वर्षांचं अंतर?’’ ‘‘चोवीस.’’ ‘‘पुढच्या वर्षी किती होईल?’’ एकदा एकजण पटकन ‘पंचवीस’ म्हणाला आणि मग स्वतःच हसत सुटला. अंतर बदलत नाही! दोघं बरोबरच मोठे होतात. बस्स, या एका गोष्टीवर अख्खं उदाहरण उभं आहे.

मग काडेपेटी घ्यायची. मुलीचं वय एक काडी, आईचं वय तीन काड्या. अंतर किती? दोन काड्या. आता आई दुप्पट वयाची होईल तेव्हा काय असेल? तेव्हा मुलीचं वय जेवढं, तेवढंच दोघींतलं अंतर असणार. पण अंतर तर दोन काड्याच राहणार. म्हणजे तेव्हा मुलगी दोन काड्यांची झालेली असेल. एक काडीची दोन काड्यांची झाली, त्याला लागली बारा वर्षं. म्हणजे एक काडी बाराची. मुलगी बाराची, आई छत्तीसची. ताळा करा: बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस. दुप्पट.

आता वहीत मांडा. तीन क्ष अधिक बारा बरोबर दोन कंसात क्ष अधिक बारा. कंस सोडवला की उजवीकडे दोन क्ष अधिक चोवीस. दोन्ही पारड्यांतून दोन क्ष काढा, मग बारा काढा, उरला क्ष बरोबर बारा. ज्या मुलानं काड्या हलवल्या आहेत त्याला हे समीकरण ओळखीचं वाटतं. आणि मजा म्हणजे काड्यांची रीत मुलांपेक्षा त्यांच्या आयांना लवकर कळते. पोरगं एकदा बाराचं झालं की आपण किती वर्षांच्या असू, हा हिशेब कुठल्या आईनं केलेला नसतो?

भूमितीचंही तेच. गवंडी घराचा पाया आखताना दोरीनं एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि तिरपं अंतर पाच भरलं की म्हणतो, कोपरा गुण्यात आहे. त्यानं पायथागोरस वाचलेला नसतो. शिवणक्लासच्या बाई पूर्ण घेराच्या फ्रॉकसाठी कापडाची चौपदरी घडी घालायला लावतात आणि सांगतात, कमरेच्या मापाला सहानं भागा, त्यातून थोडं कमी करा, तेवढ्या अंतरावर कोपऱ्यातून गोल आखा. का सहा? का थोडं कमी? नववी-दहावीच्या मुलीला शेजारी बसवून विचारा. कंबर म्हणजे वर्तुळाचा परीघ, आखायची ती त्रिज्या. परीघ बरोबर दोन पाय त्रिज्या. दोन पाय म्हणजे सहाच्या थोडं वर. बावीस इंच कंबर असेल तर त्रिज्या बरोब्बर साडेतीन, आजीची औट! सहानं भागलं तर साडेतीनच्या वर येतं, म्हणून ते ‘थोडं कमी’. चाळीस वर्षं कापड कापणाऱ्या बायकांच्या हातात हे सूत्र आहे आणि त्यांच्याच मुली परीक्षेत ते पाठ करून विसरतात. दोघींची गाठ घालून द्यायला कुणाला वेळ नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण नुसतं ‘आईनं अभ्यास घ्यावा’ म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीतल्या चारशेहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आई-वडिलांना गणिताची धास्ती आहे आणि जे वरचेवर गृहपाठाला बसतात, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनातली भीतीही वाढली. असेच घाबरणारे पालक क्वचित मदत करत, त्यांच्या मुलांवर मात्र हा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे असा अभ्यास घरोघर करायची गरज नाही, भिंतीला कान लावला तरी पुरे. ‘‘एवढं साधं कळत नाही?’’ ‘‘तू पण माझ्यासारखीच ढ निघालीस!’’ धपाटा. वहीवर टपकलेले अश्रू. अशा अभ्यासापेक्षा पोरानं गृहपाठ न केलेला बरा.

म्हणून मी म्हणते, शिकवायला बसू नका, ऐकायला बसा. पोळ्या लाटत असाल तर लाटत राहा. ‘‘मला सांग, उदाहरणात काय दिलंय? काय काढायचंय? ही पायरी कुठून आली?’’ हे तीन प्रश्न विचारायला दहावी पास असण्याचीही गरज नाही. सांगता सांगता मुलगी स्वतःच ‘थांब थांब, इथं चुकलं’ म्हणते. आणि आलेलं उत्तर शहाणपणानं पारखायला तर बायकांइतकं कोणी तयार नसेल. माणसाचं वय उणे चार, एका मजुराला काम संपवायला लागलेले दिवस अर्धा, किलोभर साखरेचा भाव चार हजार, असली उत्तरं वहीत दोन रेघा मारून ठेवलेली मी पाहिली आहेत. आईनं नुसतं ‘‘असं असतं का रे कधी?’’ विचारलं असतं तरी पुरलं असतं.

ट्यूशनबद्दल काय बोलावं? पहिलीच्या पोराला ट्यूशन, आणि तिथं काय तर फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. आधी गाईड होतं, आता मोबाईल आहे. उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा घराघरात मोबाईल आला, तो अभ्यासाच्या नावानं तिथंच राहिला. मी मोबाईलच्या विरोधात नाही. ताळा पाहायला उत्तम आहे. पण स्वतः करायच्या आधी फोटो काढणं म्हणजे दुसऱ्याला व्यायामाला पाठवून आपलं वजन उतरायची वाट बघणं.

आता मूळ वाक्याकडे. ‘बाबांना विचार.’ मुलगा हे ऐकतो तेव्हा त्याला एवढंच कळतं की बाबा येईपर्यंत खेळायला मोकळीक. मुलगी ऐकते तेव्हा तिला आणखी काही कळतं. गणित हे बाबांचं, दादाचं, सरांचं. आपण आईच्या बाजूच्या. दहावीनंतर ‘तुला झेपणार नाही, आर्ट्‌सला जा’ असं कोणी म्हणालं की ती वाद घालत नाही, कारण ते तिला घरात आधीच कळलेलं असतं. शास्त्र शाखा, पॉलिटेक्निक, बँकेच्या नि स्पर्धा परीक्षा, सगळ्यांच्या दारात गणित बसलेलं आहे. आर्ट्‌सला मी नावं ठेवत नाही. आवडीनं जा. भीतीनं नको.

मी राहते त्या चाळीसगावजवळ पाटणादेवीचं ठाणं आहे. नवरात्रात आमच्याकडच्या बायकांची तिथं रीघ लागते. पण त्याच पाटणला एक शिलालेख सापडला, एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलंय. आणि भास्कराचार्यांचा ११५० चा अंकगणिताचा ग्रंथ कोणता? ‘लीलावती’! त्यात उदाहरणं घातली आहेत ती एका मुलीला उद्देशून. ती त्यांची लेक होती, असं आपण ऐकत आलो. लग्नाचा मुहूर्त चुकल्याची गोष्टही ऐकली. ती दंतकथा असेल. पण आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी गणिताचं पुस्तक लिहिताना एका मुलीला समोर बसवलं, हे तर पुस्तकातच आहे. तिनं उत्तरं काय दिली ते मात्र कोणी लिहून ठेवलं नाही, हेही खास आपलंच.

हे सगळं मार्कांपुरतं नाही, म्हणून एक अगदी अलीकडची गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांना पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं, किंमत बारा हजार. एका दुकानदारानं हप्ते बांधून द्यायची तयारी दाखवली, ‘‘फक्त दरमहा दोन टक्के, वहिनी. बारा हप्ते, प्रत्येकी एक हजार दोनशे चाळीस.’’ आमच्या बचत गटातही दर दोनच टक्के. वहिनी म्हणाल्या, दर सारखाच आहे तर गटाच्या मिटिंगची वाट कशाला बघू?

त्यांची मुलगी दहावीत. त्या आठवड्यात तिला गृहपाठ होता अंकगणिती श्रेढीचा. मी तिला म्हटलं, आईचं मशीन घे उदाहरणाला. दुकानात व्याज पूर्ण बारा हजारांवर, शेवटच्या महिन्यापर्यंत: दोनशेचाळीस गुणिले बारा, दोन हजार आठशे ऐंशी. गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर. दरमहा हजार फेडले की पहिल्या महिन्याचं व्याज दोनशेचाळीस, दुसऱ्याचं दोनशेवीस, मग दोनशे, असं वीस-वीसनं उतरत शेवटी वीस. ती ओरडलीच, ‘‘काकू, ही तर श्रेढी!’’ पहिलं पद आणि शेवटचं पद मिळून दोनशेसाठ, अशा सहा जोड्या, एक हजार पाचशेसाठ. सूत्र तिला पाठ होतं, पण ते असं घरात येऊन बसेल हे ठाऊक नव्हतं. फरक एक हजार तीनशेवीस रुपयांचा. मग तिनं स्वतःहून पुढचं विचारलं, म्हणजे दुकानदाराचा दर खरा किती? वर्षभरात हातात सरासरी साडेसहा हजारच राहतात. त्यावर दोन हजार आठशे ऐंशी म्हणजे शेकडा चव्वेचाळीसच्या वर. बोलायला चोवीस. (बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला कागद देणं भाग आहे. तो मागून घ्यावा आणि वाचावा. हप्ता किती, एवढंच विचारून सही करू नये.)

वहिनी तो वहीचा कागद घेऊन दुकानात गेल्या. दुकानदारानं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘हे कोणी करून दिलं? सरांनी?’’ ‘‘पोरीनं,’’ वहिनी म्हणाल्या. त्यानं दर काही कमी केला नाही. मग वहिनींनी गटातून कर्ज उचललं, रोखीनं मशीन आणलं. पहिला हप्ता एक हजार दोनशे चाळीसचाच होता, दुकानाइतकाच. त्या दिवशी त्या जरा साशंक दिसल्या. दुसऱ्या मिटिंगला एक हजार दोनशेवीस मोजून दिले, वहीवर सही केली आणि म्हणाल्या, ‘‘पोरगी म्हणते पुढच्या वेळी बाराशे. बघा बरं, बरोबर आहे का?’’

बरोबर होतं.